नॅशची पाठ

एनबीए या बास्केटबॉल लीगच्या विजेत्यांना मिळणारी अंगठी नाही म्हणून स्टीव्ह नॅशला थोर गार्डांत (चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूंत) धरू नये, असं कुणीतरी म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. २००५ आणि २००६, लागोपाठ दोनदा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झालाय तो, आणि तेही पाठीचा मणका सरकलेला असताना! बाहेर आला की बाकावर बसायचा नाही, साइडलाइनला सरळ जमिनीवर आडवा व्हायचा. बसलं की पाठ आखडायची.

नागपाड्यात पोरांना शिकवताना मी त्याचीच एक सवय लावतो. फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला) रेफरीने चेंडू देण्याआधी नॅश रिकाम्या हाताने पूर्ण शॉट मारून बघायचा, मनगट खाली वळेपर्यंत. कारकीर्दीत त्याचे ९० टक्क्यांहून जास्त फ्री थ्रो आत गेले. घाईघाईने चेंडू फेकणारी पोरं यानेच थांबायला शिकतात.