पुएर्तो विएहोला जायचंय: कधी, कसं आणि खायचं काय? अनुभव सांगा

ह्यूस्टनहून (धागा माझाच)

कोस्टा रिका म्हटलं की सगळे ज्वालामुखी आणि पॅसिफिककडचे किनारे सांगतात. दुसऱ्या बाजूला, कॅरिबियन समुद्रावर, पनामाच्या सीमेपासून जवळ पुएर्तो विएहो दे तालामांका नावाचं गाव आहे. तिकडे आपली माणसं कमी जातात आणि जातात ती बहुधा चुकीच्या महिन्यात जातात. आम्हीही तेच केलं होतं. आता ऑक्टोबरात आईबाबांना (वय ६८ आणि ७२) घेऊन पुन्हा जायचा विचार आहे, म्हणून हा धागा. गेला असाल तर लिहा. फसलात असाल तर आधी लिहा.

माझ्यापासून सुरुवात. पहिल्या खेपेला डिसेंबरचा शेवटचा आठवडा धरला. डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, असं सगळीकडे वाचलं होतं. ते खोटं नाही, पण पॅसिफिक बाजूचं आहे. सहा दिवसांतले साडेचार दिवस पाऊस लागला. आपल्या जुलैसारखा: टॉवेल वाळत नाही, चपलेवर बुरशी येते, मुलं पत्ते खेळून खेळून भांडायला लागतात. घराची मालकीण म्हणाली, "या दिवसांत इथे लाटांवर खेळणारे येतात, तुम्ही कसे आलात?"

नंतर कारण समजून घेतलं. ईशान्येकडचे व्यापारी वारे समुद्रावरची वाफ आणून तालामांकाच्या डोंगरांवर आपटतात. सह्याद्रीचंच गणित, फक्त वाऱ्याची दिशा वेगळी. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे वारे मंदावतात. त्या वेळी पॅसिफिकला धो धो पाऊस आणि इकडे ऊन, समुद्रही शांत. फेब्रुवारी-मार्चही बरे असतात. नोव्हेंबर ते जानेवारी आणि जुलै यांचा भरवसा नाही. अर्थात कोरडा म्हणजे आपल्या मेसारखा कोरडा नव्हे. सर कधीही येते, छत्री लागतेच.

मला तीन गोष्टी हव्यात: रस्ता कसा आहे, शाकाहारी बाबांचं काय करायचं, आणि समुद्रात उतरायचं कुठे. बाकीचं तुम्हाला सुचेल ते.

पुण्याहून

आम्ही दोघं बसने गेलो. राजधानी सॅन होजेहून साडेचार-पाच तास सांगतात, आम्हाला सात लागले. ३२ नंबरचा रस्ता ब्राउलिओ कारिओ राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून उतरतो. तिथे दरडी येतात, धुकं असतं, आणि कंटेनरची रांग लिमोनच्या बंदरापर्यंत तुमच्या पुढे असते. पावसाळ्यातला वरंधा घाट डोळ्यांसमोर आणा. रात्रीच्या विमानाने उतरत असाल तर विमानतळाजवळ अलाहुएलात झोपा आणि सकाळी लवकर निघा. अंधारात गाडी चालवायचं धाडस करू नका, विशेषतः ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना.

दिवसा जायचं आणखी एक कारण म्हणजे रिओ सुसिओचा पूल. सुसिओ म्हणजे मळकट. ज्वालामुखीच्या उतारावरून खनिजं घेऊन आलेलं पिवळट पाणी आणि दुसऱ्या नदीचं स्वच्छ पाणी तिथे भेटतं, आणि दोन्ही रंग काही अंतर वेगवेगळे वाहताना दिसतात. बस पुलावरून भुर्रकन जाते. आम्ही डुलक्या काढत होतो. परत येताना पाहिलं.

खाली उतरलं की केळीच्या बागा लागतात, घडांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. माझं सासर रावेरचं. नवरा अर्धा तास खिडकीला नाक लावून बसला आणि लागवडीतलं अंतर मोजत राहिला. आमचा हनिमून होता, बरं का.

रत्नागिरीहून (लेक अटलांटात)

मी लेकीकडे गेले होते, तिथून तिने नेलं. पासपोर्टावर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री पर्यटक व्हिसा होता, त्यावर प्रवेश मिळाला, वेगळा व्हिसा काढला नाही. मात्र परतीचं तिकीट दाखवा म्हणाले. कागदावर छापून न्या, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या.

आता खाण्याचं. मला वाटलं होतं, सात समुद्रांपलीकडे जाऊन भाकरीला मोताद होणार. पहिल्याच दिवशी समोर आलं काय, तर नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यात राजम्यासारख्या घेवड्याचे दाणे आणि वर अख्खी मिरची न फोडता ठेवलेली. ते लोक त्याला इंग्रजीतच "राइस अँड बीन्स" म्हणतात. देशात इतरत्र मिळणारा गाल्यो पिंतो हा घेवडा-भात वेगळा, त्यात नारळ नसतो. इथली बरीच कुटुंबं मूळची जमैकाकडची. लिमोन ते सॅन होजे रेल्वे बांधायला १८७१ पासून मजूर आणले, ती १८९० मध्ये पुरी झाली, आणि माणसं पुढे केळीच्या मळ्यांत राहिली. त्यामुळे जुनी माणसं आपसांत त्यांची कॅरिबियन धाटणीची इंग्रजी बोलतात आणि माझी तोडकी इंग्रजी तिथे छान चालली. "वाप्पिन?" म्हणजे "काय चाललंय?" मी पण म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी "आग्वा दे सापो" प्यायले. नावाचा अर्थ बेडकाचं पाणी, म्हणून लेक नको म्हणत होती. चव घेतली तर आलं, लिंबू आणि गूळ! गूळ म्हणजे खरोखरचा गूळ. उसाचा रस आटवून साच्यात घातलेला, "तापा दे दुल्से" म्हणतात. आपल्याकडे घसा बसला की जे करतो ते हे लोक बर्फ घालून पितात. शहाळ्याला "पिपा" म्हणायचं. आणि नीरफणस! आमच्या परसात दोन झाडं आहेत, अमेरिकेत आल्यापासून कापं खाल्ली नव्हती. तिथे एका बाईंच्या अंगणात झाड दिसलं. मी हातवारे करून कापं कशी करतात ते सांगितलं, त्या हसल्या आणि तळलेलीच आणून दिली. आपण तांदळाचं पीठ लावतो, त्या नुसतं मीठ. तेवढाच फरक.

त्या बाई नारळ पत्र्याच्या किसणीवर किसत होत्या. बोटं सोलली जातात हो. माझा जीव वरखाली होत होता.

नागपूरहून

शाकाहाऱ्यांसाठी थोडक्यात. "सिन कार्ने" म्हणजे मांस नको. एवढं म्हणून थांबलात तर चिकन येतं, कारण चिकन म्हणजे त्यांच्या लेखी कार्ने नव्हे. "सिन पोयो, सिन पेस्कादो" हेही म्हणा. "मांतेका" म्हणजे चरबी, पण वनस्पती तुपालाही तोच शब्द, त्यामुळे विचारूनही उलगडा होत नाही. "पाती" नावाची करंजी दिसली की धावू नका, आत खिमा असतो. तिची बहीण "प्लांतिन्ता", लालसर गोड केळ्याचं सारण, ती घ्या. रोंदोन हे नारळाच्या दुधातलं कालवण बहुधा माशांचं असतं. मी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आणि खिचडीवर तीन दिवस काढले. तक्रार नाही.

नवी मुंबईहून

समुद्राबद्दल गंभीरपणे लिहितोय. गावापासून दोनेक किलोमीटरवर प्लाया कोक्लेस आहे. रुंद, देखणा किनारा. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो आणि पायाखालची वाळू सरकत गेली. मुलगा (११) माझ्यापासून चार हातांवर, तो दहा हातांवर गेला. ओढ किनाऱ्याकडून समुद्राकडे. जीवरक्षकाने शिट्टी मारून त्याला आडवं पोहायला लावलं, किनाऱ्याला समांतर, आणि तो बाजूने बाहेर आला. सरळ किनाऱ्याकडे झुंजला असता तर दमला असता. लाल बावटा लावलेला होता. मला तो दिसला होता. बाकीची पोरं खेळतायत म्हणून मी सोडून दिलं. गणपतीपुळ्याला लोकांना ओरडणारा मी, इथे स्वतः तेच केलं.

गावासमोरची साल्सा ब्रावा ही लाट तर प्रवाळावर फुटते. ती बघायची, उतरायचं नाही. आईबाबांसाठी पुंता उवा, गावापासून सातेक किलोमीटर. शांत दिवशी तिथे पाणी तळ्यासारखं असतं, झाडांची सावली वाळूपर्यंत येते. पुढे मान्सानियोपर्यंत मिळून १३ किलोमीटर सपाट रस्ता, सगळे सायकली भाड्याने घेतात. साडेपाच-सहाला अंधार पडतो आणि वाटेत मोठे पट्टे दिव्याविना आहेत. टॉर्च न्या. पिशवी किनाऱ्यावर सोडून पाण्यात जाऊ नका.

बंगळुरूहून

शेजारच्या काउइता गावाला एक दिवस राखून ठेवा. गाडीने पाऊण तासाच्या आत. राष्ट्रीय उद्यानाची पायवाट समुद्र आणि जंगल यांच्या मधून जाते, सपाट आहे, जमेल तितकं चालून परत फिरता येतं. गावाकडच्या दारावर ठरावीक तिकीट नाही, इच्छेने देणगी द्यायची. यामागे भांडण आहे. १९९४ मध्ये सरकारने परदेशी पाहुण्यांचं शुल्क एकदम वाढवलं. गावकऱ्यांना वाटलं, आता इथे कुणी फिरकणार नाही. त्यांनी दार ताब्यात घेतलं आणि लोकांना फुकट सोडायला सुरुवात केली. अखेर तडजोड होऊन कारभार गाव आणि सरकार मिळून बघू लागले. मी देणगी जरा सढळ हाताने टाकली.

पांढऱ्या तोंडाची माकडं पिशवीची चेन उघडतात. माथेरानवाली माकडं यांच्यापुढे भोळी. स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा संथ प्राणी) बघायला वाटाड्या घ्या, आपल्याला तो झाडावरचं गाठोडं वाटतो. पहाटे साडेचारला कुणी छपरावर डरकाळ्या फोडतंय असं वाटलं तर घाबरू नका, हाउलर माकडं आहेत.

समुद्रातली प्रवाळाची भिंत इथेच आहे, पण तिथे वाटाड्याशिवाय उतरता येत नाही. २२ एप्रिल १९९१ च्या भूकंपात हा किनारा काही ठिकाणी मीटरभराहून अधिक वर उचलला गेला आणि उघडं पडलेलं प्रवाळ मेलं. वाटाड्याने दाखवलेला काळा खडक मी नुसता खडक समजत होतो.

दुसरा दिवस इथल्या मूळ रहिवासी ब्रिब्री लोकांकडे. बांबू नावाच्या गावापासून लांब होडीने योर्किनला गेलो. कोको भाजून, मोठ्या पाट्यावर दगड डोलवून वाटतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे कोको ही आधी बाई होती, सिबू देवाने तिचं झाड केलं. म्हणून विधीचा कोको बाईनेच करायचा. कूळही आईकडून चालतं. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांचा कोको मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस बुरशीने बसवला आणि बऱ्याच बागा सोडून दिल्या गेल्या. आज चॉकलेटची सहल म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं त्यानंतर पुन्हा उभं राहिलेलं आहे. होडीत चढताना पाय भिजतो, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा.

दुबईहून

सिक्साओलाचा पूल ओलांडून पनामात बोकास देल तोरोला जाणार असाल तर दोन गोष्टी. एक, पनामाचं घड्याळ तासभर पुढे आहे. आमची शेवटची होडी त्यात गेली. दोन, भारताच्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांच्या यादीत पनामा आहे, कोस्टा रिका नाही. पनामातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लसीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरण. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणजे आयत्या वेळी टोचून उपयोग नाही. आम्ही हे बोकासला पोचल्यावर वाचलं आणि कोस्टा रिकात परत येऊन उरलेले दिवस मोजत बसलो.

डासांचं मलम विसरू नका. डेंग्यू आहे.

ह्यूस्टनहून

सगळ्यांचे आभार. ठरलं: ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, उतरल्यावर पहिली रात्र अलाहुएलात, पुंता उवाजवळ स्वयंपाकघर असलेलं घर, पनामा नाही. योर्किनचं आईच्या गुडघ्याला विचारून सांगतो. बाबांनी हा धागा वाचला आणि एवढंच विचारलं की नीरफणस ऑक्टोबरात असतो का. काकू, तुम्ही कुठल्या महिन्यात होतात?

रत्नागिरीहून

सप्टेंबर अखेर. झाडावर होते. आणि हे बघ, तुम्ही जाताच आहात तर माझी एक खवणी घेऊन जा ना. त्या बाईंचं घर काळ्या वाळूच्या किनाऱ्याकडे जाताना लागतं, अंगणात झाड आहे, चुकायचं नाही. विळीवरची आहे, पातं गुंडाळून देते.

ह्यूस्टनहून

नेतो. पण ती मोठ्या बॅगेत टाकावी लागेल, हातातल्या सामानात विळी विमानात नेऊ देणार नाहीत.