कपाटाच्या दारावरच्या 38 रेघा: युव्हेंटसची 2005 आणि 2006 ची विजेतेपदं मोजायची का?

झेब्रा_सातपूर

नमस्कार मंडळी. इटलीच्या आमच्या युव्हेंटस फुटबॉल क्लबच्या या दोन विजेतेपदांचा वाद जुनाच आहे, पण गेल्या महिन्यात तो थेट माझ्या घरात येऊन बसलाय, म्हणून इथे विचारतो.

आमच्या लोखंडी कपाटाच्या डाव्या दाराला आतून मी रेघा मारल्यात. दहावीत होतो, 2003 साल. युव्हेंटसचं सत्ताविसावं स्कुदेत्तो, म्हणजे लीगचं विजेतेपद, झालं त्या आठवड्यात काळा ऑइलपेंट आणि आगपेटीची काडी घेऊन एका बैठकीत 27 रेघा ओढल्या आणि प्रत्येकीखाली साल लिहिलं. पुढे 2005 ची एक, 2006 ची एक. मग पाच वर्षं दार तसंच राहिलं. 2012 ते 2020 सलग नऊ. एकूण 38.

भाचा नववीत आहे, शिकायला आमच्याकडेच राहतो, शाळेच्या संघात राइट बॅक खेळतो. एकदा कपाटातून पांघरूण काढताना त्याने त्या रेघा मोजल्या, मग मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाला, "मामा, इथे 36 आहेत. तू दोन जास्त मारल्यास."

त्याला सगळं सांगायला बसलो आणि मध्येच अडखळलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मे 2006 मध्ये इटलीत फोनवरची संभाषणं छापून आली. आमचे जनरल मॅनेजर लुचानो मोज्जी आणि रेफ्री नेमणारे दोघे, बेर्गामो आणि पाईरेत्तो, यांच्यातली. जुलैत निकाल लागला: 2005 चं विजेतेपद काढून घेतलं, ते कुणालाच दिलं नाही. 2006 चं काढून तिसऱ्या आलेल्या इंटरला दिलं. आम्ही 91 गुण घेऊन पहिले होतो, आम्हाला सेरी बी मध्ये, म्हणजे दुसऱ्या विभागात, ढकललं, तेही उणे 30 गुणांनी. अपिलात ते उणे 17 झाले, शेवटी उणे 9. मिलानचंही नाव होतं, पण ते वरच्याच विभागात राहिले, उणे 8 ने सुरुवात केली आणि त्याच मोसमात अथेन्सला लिव्हरपूलला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकले. हे मला आजही पचत नाही.

9 जुलै 2006 ला बर्लिनमध्ये वर्ल्ड कपची फायनल झाली. इटलीकडून बुफॉन, कान्नावारो, झांब्रोत्ता, कामोरानेसी, देल पिएरो. फ्रान्सकडून थुराम, व्हिएरा, त्रेझेगे. दोन्ही बाजू धरून आमचे आठ जण त्या रात्री मैदानात उतरले. आणि पाचच दिवसांनी पहिला निकाल. माझं वय तेव्हा अठरा. रात्रपाळीहून येऊन पेपर वाचला आणि न जेवता झोपलो.

माझी बाजू मी वीस वर्षं अशीच मांडत आलोय: एकाही रेफ्रीला पैसे दिल्याचं सिद्ध झालं नाही, अमुक सामना फिक्स होता असं कुठल्याही निकालात नाही, आणि चौकशी 2004-05 ची होती, 2005-06 ची नव्हतीच. फोन तर सगळेच करत होते. हे मी पाठ म्हणून दाखवू शकतो. भाच्याने फक्त एवढंच विचारलं, "पण रेफ्री नेमणाऱ्याला फोन करायचाच कशाला?" त्याला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

रविवारी मिसळीला हे बोललो तर आमच्यातला इंटरवाला एवढा तापला की आम्ही अर्धी मिसळ तशीच टाकून उठलो. दोन आठवडे झाले, बोलणं बंद आहे.

तर विचारतो: त्या दोन रेघा ठेवायच्या की पुसायच्या? कारण सांगा. नुसतं "चोर" लिहायचं असेल तर नका लिहू, ते ऐकून झालंय.

निळाकाळा_इंदिरानगर

तो इंटरवाला मीच. इथे लिहिलंयस तर उत्तरही इथेच देतो.

तुला वाटतं आमचा राग 2006 चा आहे. तो 26 एप्रिल 1998 पासूनचा आहे. तुरिनला सामना, तुम्ही 1-0 ने पुढे, तुमचा इउलियानो पेनल्टी एरियात आमच्या ब्राझीलच्या रोनाल्डोला छातीने आडवा गेला. सगळ्या जगाने पाहिलं, रेफ्री चेकारिनीने नाही पाहिलं. आणि खेळ न थांबता दुसऱ्या टोकाला गेला तर तिथे तुम्हाला पेनल्टी. ती आमच्या गोलकीपर पाल्युकाने अडवली म्हणून काय झालं? लीग तुम्हीच नेलीत. त्या दिवशी काही शिजलं होतं असं मी म्हणत नाही, पुरावा नाही. पण आठ वर्षांनी त्या फोनची संभाषणं छापून आली तेव्हा माझ्यासारख्याला धक्का बसला नाही, नुसतं रडू आलं.

2006 चं विजेतेपद आम्हाला दिलं ते मी मिरवत नाही, तुला माहीत आहे. पण तुझ्या दारावर ते 2006 म्हणून उभं आहे आणि तू ते पोराला शिकवतोयस, म्हणून मी उठलो. मिसळीचे पैसे तू दिलेस, माझ्या वाटचे माझ्याकडे आहेत.

वकील_पंचवटी

मी कुठल्याच संघाची नाही, नवरा फुटबॉल बघतो म्हणून मीही बघते. पण या वादात दोन्ही बाजू एक शब्द चुकीचा वापरतात, तेवढं सांगते.

"मोज्जी सुटला" असं तुमच्याकडचे लोक म्हणतात. सरसकट असं म्हणता येत नाही. नेपल्सच्या कोर्टाने 2011 मध्ये त्याला 5 वर्षं 4 महिने दिले, अपिलात 2013 मध्ये ते 2 वर्षं 4 महिन्यांवर आले. मार्च 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात काही आरोपांतून तो खरंच सुटला, पण कट रचल्याचा मुख्य आरोप मुदत संपल्यामुळे संपला. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांनाही हा फरक समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात कोर्टाने दखल घेण्यालाच मुदत असते. एकदा दखल घेतली की खटला कितीही रेंगाळो, मुदत आडवी येत नाही. इटलीत तेव्हा खटला आणि अपील चालू असतानाही घड्याळ चालूच राहायचं. निकाल लागेपर्यंत वेळ संपली की प्रकरण तिथेच मिटायचं. त्याला निर्दोष म्हणत नाहीत. शिवाय फुटबॉल संघटनेने त्याच्यावर घातलेली आजन्म बंदी वेगळी.

आणि इंटरवाल्या दादांसाठीही हेच. 2011 मध्ये संघटनेचे वकील पालाझ्झी यांनी अहवालात लिहिलं की इंटरचे तेव्हाचे अध्यक्ष फाक्केत्तीही रेफ्री नेमणाऱ्यांशी बोलत होते आणि ते नियमभंगात बसतं. पण क्रीडा कायद्याची मुदत तोवर उलटली होती, त्यामुळे सुनावणीच झाली नाही. फाक्केत्ती 2006 च्या सप्टेंबरमध्येच वारले होते, त्यांना बाजूही मांडता आली नाही. म्हणजे तिथेही "इंटर स्वच्छ ठरलं" असं म्हणता येत नाही, आणि "दोषी ठरलं" असंही नाही.

शिट्टी_देवळाली

झेब्रा भाऊ, तुमच्या भाच्याच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. चौदा वर्षं शिट्टी वाजवतोय, शाळांच्या आणि कंपन्यांच्या स्पर्धा, कधी जिल्ह्याच्या.

तुम्ही म्हणता पैसे सिद्ध झाले नाहीत. बरोबर आहे. पण रेफ्रीला पैसे लागतच नाहीत. रेफ्रीला पुढचा सामना लागतो.

नाव, गाव, साल सांगत नाही. एका स्पर्धेत शनिवारी माझ्याकडे सेमीफायनल होती. गुरुवारी संध्याकाळी नेमणुका करणाऱ्यांचा फोन आला. गोड बोलले. "रविवारी फायनलला कोण, ते अजून ठरायचंय. तुमचं नाव चर्चेत आहे." एवढंच. आयोजकांचा संघ सेमीफायनलला होता, त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

शनिवारी सत्तरीच्या पुढे कुठेतरी, त्यांचा स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, त्याला एक पिवळं कार्ड आधीच दाखवलेलं, दुसरं मिळालं की तो मैदानाबाहेर. समोरचा विंगर त्याला चकवून निघाला, पुढे फक्त गोलकीपर. याने मागून जर्सी धरली. कापड फाटल्याचा आवाज मला सात-आठ पावलांवरून आला. मी शिट्टी वाजवली, फ्री किक दिली. कार्ड छातीच्या खिशात होतं, त्याचा कोपरा बोटाला लागत होता. मी ते काढलं नाही. विंगर पोरगा वाद घालायला आला नाही. फाटलेली कॉलर हाताने गळ्याशी धरून माझ्याकडे बघत उभा राहिला, मग जाऊन बॉल ठेवला. ते 1-0 ने हरले.

फायनल मला मिळाली. मानधन नेहमीचंच, एक रुपया जास्त नाही. कुणी मला काही करायला सांगितलं नव्हतं, आणि हा सामना कुठल्याही चौकशीत फिक्स ठरणार नाही. पण तो मी फिरवला, भाऊ. ती कॉलर मला अजून दिसते.

आता 2004-05 चं इटली बघा. रेफ्री चिठ्ठी टाकून निवडत होते, वरवर सगळं उघड. पण चिठ्ठीच्या आधी कोणते सामने आणि कोणते रेफ्री एका गटात टाकायचे ते बेर्गामो आणि पाईरेत्तो ठरवायचे. मोज्जी या दोघांशी बोलायचा, त्यांना परदेशी सिमकार्डं पुरवायचा. चांगल्या सामन्यांची चावी ज्यांच्या हातात, ते कुणाचे फोन घेतात हे प्रत्येक रेफ्रीला कळतं. नोव्हेंबर 2004 मध्ये युव्हेंटस रेज्जिनाकडून हरल्यावर मोज्जी रेफ्री पापारेस्ताच्या खोलीत शिरला आणि नंतर फोनवर सांगत होता की मी त्याला आत कोंडलं. खरंच कोंडलं की बढाई मारली, ते सोडा. आपण असं बोललो तरी आपलं काही बिघडत नाही, एवढी त्याला खात्री होती. म्हणून तो फोन करायचा. भाच्याला हे सांगा.

मडगाव_ते_नाशिक

शिट्टी दादांचं वाचून गप्प बसलो होतो. लांब इटलीला कशाला जायचं? 2004 मध्ये आमच्या गोव्यात वरच्या विभागात जाण्यासाठी गोलफरकाची चुरस होती. एकाच दिवशी एक सामना 61-1 आणि दुसरा 55-1 झाला. चारही क्लबांना वर्षभर बंदी घातली. तिथे निदान आकडाच ओरडून सांगत होता. शिट्टी दादांचा सामना 1-0 होता, तो कोण पकडणार?

झेब्राभाऊंना एक विचारायचं होतं. 2006-07 ची रेघ तुमच्या दारावर का नाही?

झेब्रा_सातपूर

सगळ्यांचं वाचलं. शिट्टी दादा, तुमचं तर तीन वेळा वाचलं, भाच्यालाही वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मागच्या महिन्यात आमच्या सामन्यात माझा हात बॉलला लागला होता, रेफ्रीने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. हे मला माहीत नव्हतं.

वकील ताई, "सुटला" हा शब्द मी यापुढे वापरणार नाही.

काल रविवार होता. थिनर आणून 2005 ची रेघ पुसली. ऑइलपेंट जुना, घासावं लागलं, खालचा राखाडी रंगही निघाला आणि तिथे पत्रा दिसतोय. त्या वर्षी काय झालं ते मला आता नाकारता येत नाही. एकही सामना फिक्स ठरला नाही, हे मी अजूनही म्हणेन, पण ते आता मलाच पुरत नाही.

2006 ची रेघ ठेवली आहे. 2005-06 ची चौकशी झाली नव्हती, ते 91 गुण त्या पोरांनी धावून मिळवले होते, आणि तिसऱ्या आलेल्याला विजेता म्हणणं मला मान्य नाही. हे चुकीचं वाटत असेल तर निळाकाळा, समोर येऊन भांड. मिसळीचे पैसे परत नकोत.

मडगावकर, तुमच्या प्रश्नाने मी दिवसभर हललो. सेरी बी चं विजेतेपद स्कुदेत्तो नसतं, म्हणून मारली नव्हती. पण खरं सांगतो, मी सगळ्यात जास्त जीव लावून पाहिलेला मोसम तोच. पाहिला तरी कुठे, इथे टीव्हीवर लागतच नव्हता. सातपूरला सायबर कॅफेत वीस रुपये तासाने बसून निकाल वहीत उतरवायचो. 9 सप्टेंबरला रिमिनीला पहिला सामना, 1-1. कान्नावारो माद्रिदला गेला, इब्राहिमोविच तर इंटरलाच गेला, पण बुफॉन, नेदवेद, त्रेझेगे, कामोरानेसी आणि देल पिएरो राहिले. नुकताच वर्ल्ड कप जिंकलेला बुफॉन छोट्या गावांच्या मैदानांवर गोलमध्ये उभा राहायचा. देल पिएरोने 20 गोल केले. उणे 9 धरूनही आम्ही 85 गुणांवर संपलो आणि पहिले आलो. त्या 42 सामन्यांबद्दल आजवर मला कुणी चोर म्हटलेलं नाही.

रात्री भाच्याने ती वही मागितली. माळ्यावर होती, काढून दिली. आज कामावरून आलो तर 2006 च्या शेजारी पेन्सिलने एक बारीक रेघ होती, खाली 2007. त्याला म्हटलं, ऑइलपेंट आणतो उद्या. तो म्हणाला, आधी निळाकाळा मामांना विचार.

बुधवारी सुटीच्या दिवशी आठ वाजता, नेहमीच्या ठिकाणी. येतोस का?

निळाकाळा_इंदिरानगर

येतो. भाच्याला आण. 2006 वर बोलायचंय.