लग्नाच्या तारखेबद्दल मदत हवी आहे (कोल्हापूर), तातडीचं

जास्वंद_०७: १२ डिसेंबर धरावी की नको, एवढंच सांगा. त्या तारखेला आमच्या घरात वाईट घडलंय. मुहूर्त चांगला आहे, हॉल मोकळा आहे, मुलाकडचे रोज फोन करतायत. शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स भरायचाय. लवकर सांगा प्लीज.

रंकाळाकाठ: ताई, वाईट म्हणजे काय? कोण गेलं, कधी? आमच्यात वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात.

जास्वंद_०७: मोठा दादा, अपघातात. बरीच वर्षं झाली हो.

पंचांगप्रेमी: तारीख की तिथी? श्राद्ध तिथीला असतं. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून तिथी दरवर्षी मागं सरकते आणि अधिक महिना आला की पुढं जाते. यंदा तिथी १२ ला नसेल तर दोष नाही. बिनधास्त करा.

पेठेतला_भावा: दोष काय घेऊन बसलाय? शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मुहूर्त विचारताय? फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, महाराजांनी त्याला बळ दिलं. सत्यशोधक पद्धतीनं लावा, कुठलाही रविवार चालतोय. माझं तसंच झालंय.

पंचांगप्रेमी: त्यांनी पद्धत विचारलेली नाही.

पेठेतला_भावा: दोष तरी कुठं विचारलावता?

उचगावकर: पावसाळ्यात तेवढं नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता. आमचे पाहुणे पलीकडंच अडकले.

जास्वंद_०७: अहो, डिसेंबर म्हटलंय मी! तिथी यंदा वेगळी आहे, गुरुजींनीही तेच सांगितलं. पण आई तारीखच धरते. कालनिर्णयवर दूध, गॅस, भिशी सगळं लिहिते, डिसेंबरच्या १२ चा चौकोन दरवर्षी कोरा असतो.

रंकाळाकाठ: मग आई काय म्हणाल्या?

जास्वंद_०७: "तुम्ही ठरवा, मला चालतंय." आणि भाकरी थापायला लागली.

कागलची_मावशी: बाळ, लेकीचं अडू नये म्हणून कुठलीही आई असंच म्हणणार. आमच्या जाऊबाईंनी त्यांच्या मालकांच्या तारखेला पोराचं लग्न होऊ दिलं. हळदीला हसत होत्या, अक्षता पडताना उठून आत गेल्या. लग्न एका दिवसात उरकतं गं, पण वाढदिवस दरवर्षी येतो. पोरगा-सून जेवायला बाहेर बोलावतात, त्या जात नाहीत.

पेठेतला_भावा: उलटंही होतं. माझ्या मित्रानं वडील गेले तीच तारीख मुद्दाम धरली. आता त्या दिवशी घर भरलेलं असतं.

कागलची_मावशी: त्यानं स्वतः मागितली. हिच्या आईनं मागितलीय का?

रंकाळाकाठ: मुलाकडच्यांना माहीत आहे का हे?

जास्वंद_०७: दादा गेला एवढं माहीत आहे. तारीख नाही सांगितली.

रंकाळाकाठ: मग आजच सांगा. तुम्ही का अडलाय हेच त्यांना कळत नसणार.

जास्वंद_०७: सांगितलं. सासूबाई स्वतः आईशी बोलल्या, तेव्हा आई नको म्हणाली. बराच वेळ बोलत होत्या दोघी. १२ रद्द. गुरुजींनी ६ तारीख दिलीय, पण त्या दिवशी तो हॉल नाही. ५०० माणसांचा दुसरा माहीत आहे का कुणाला? पार्किंग हवं.

उचगावकर: आमच्या बाजूला दोन-तीन आहेत, उद्या विचारून सांगतो. हळदीच्या तांबड्या-पांढऱ्याला आचारी ठरलाय का?