कोड गियास : सुझाकूला गद्दार म्हणायचं का? (शेवटापर्यंतचं सगळं फोडलेलं आहे)

पावसाळी_ढग

ज्यांनी बघितलं नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा, कारण मी आडपडदा न ठेवता लिहिणार आहे.

गेले तीन आठवडे रोज रात्री पोरं झोपली की मी कोड गियास ही जपानी ॲनिमे मालिका लावून बसायचे. पहिल्या सीझनचे २५ आणि दुसऱ्याचे २५, असे पन्नासही भाग झाले. मालिकेचा नायक लेलूश, ब्रिटानिया साम्राज्याचा लपून राहणारा राजपुत्र, त्याच्याबद्दल लोक भरभरून लिहितात, त्याच्याबद्दल मला काही विचारायचं नाहीये. माझा जीव अडकलाय तो सुझाकू कुरुरुगीमध्ये.

म्हणजे बघा ना, जपानचा शेवटचा पंतप्रधान गेन्बू कुरुरुगी, त्याचा हा एकुलता एक मुलगा. मालिकेतल्या कालगणनेनुसार १० ऑगस्ट २०१० ला ब्रिटानिया जपानवर चालून येतं, महिनाभरसुद्धा देश टिकत नाही, नाव जातं, झेंडा जातो, देशाचं नुसतं एरिया ११ होतं आणि माणसांना इलेव्हन म्हणजे आकड्याने हाक मारायला लागतात. आणि सात वर्षांनी आपल्याला हा पंतप्रधानाचा मुलगा भेटतो तो कुठे, तर त्याच ब्रिटानियाच्या फौजेत, त्यांचा गणवेश घालून! पुढे तर त्याला बादशहाचा नाईट ऑफ वन व्हायचंय, सगळ्यात वरचा सरदार.

माझा नवरा दोन-चार भाग येता-जाता बघून म्हणाला, हा तर सरळसरळ सूर्याजी पिसाळ आहे. मला तेवढं सोपं वाटत नाहीये पण उत्तरही देता आलं नाही. त्याची ती धडपड देशासाठी होती का स्वतःसाठी? आणि बापाच्या बाबतीत त्याने जे केलं ते कळल्यावर तुम्ही त्याच्याकडे कसं बघता?

ओसरी

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोळाव्या भागात आहे, आणि मला वाटतं बरेच लोक तो भाग दुसऱ्यांचं मन वाचणाऱ्या माओच्या बुद्धिबळासाठी लक्षात ठेवतात आणि त्यातली खरी गोष्ट निसटून जाते.

जगाला काय माहितीये, तर गेन्बू कुरुरुगीने आत्महत्या केली, शेवटच्या माणसापर्यंत लढू म्हणणाऱ्या लष्करी लोकांना आवरायला म्हणून स्वतःचा जीव दिला. खरं काय, तर शेवटच्या माणसापर्यंत लढायचं म्हणणारा तोच होता, आणि त्याला मारलं दहा वर्षांच्या सुझाकूने. बाप गेला तर युद्ध थांबेल, माणसं वाचतील, एवढाच हिशोब त्या पोराच्या डोक्यात होता. आणि युद्ध थांबलं की! पण थांबलं म्हणजे जपान गेला. मोठ्यांनी ते प्रकरण दाबलं, बापाच्या नावाला हौतात्म्य चिकटलं आणि पोराला शिक्षा झालीच नाही. माझ्या मते सगळा सुझाकू त्या न झालेल्या शिक्षेतून तयार झालाय. चुकीच्या मार्गाने मिळालेल्या गोष्टीला किंमत नसते असं तो सारखं म्हणतो ना, ते लेलूशला उद्देशून नाहीच आहे, ते त्या दहा वर्षांच्या पोराला आहे.

म्हणून नियम, म्हणून फौज, म्हणून चौथ्या भागात झीरो, म्हणजे मुखवट्यातला लेलूश, त्याला फाशीच्या तोंडातून सोडवून आणतो तरी हा परत खटल्याला हजर व्हायला जातो. निर्दोष आहे हे माहीत असून जातो. आपल्याला तिथे राग येतो, मलाही आला होता पहिल्यांदा. पण ज्याला आतून शिक्षा हवी आहे तो माणूस कोर्टापासून पळेल कशाला? माओ त्याचं मन वाचून हेच त्याच्या तोंडावर फेकतो, की तुला लोकांना वाचवायचं नाहीये, तुला मरायचंय. आणि सुझाकूला उत्तर देता येत नाही.

मग अठराव्या भागात लेलूश त्याच्यावर गियास, म्हणजे समोरच्याला मोडता न येणारा हुकूम द्यायची त्याची शक्ती, टाकतो तेव्हा हुकूम काय देतो, तर जग. मरायला निघालेल्या माणसाला जगायचा हुकूम, आणि तो आयुष्यभरासाठी.

खडूफळा

ओसरी यांचं मन लावून वाचलं, पटलंही बरचसं, पण मी सुझाकूला इतक्या सहज सोडणार नाही. दहा वर्षांच्या पोराला माफी आहे, ती मी पण देतो. पण सतरा-अठरा वर्षांच्या सुझाकूचं काय?

पहिल्या सीझनच्या शेवटी तो झीरोला, म्हणजे आपल्या बालमित्राला पकडून बादशहापुढे उभा करतो आणि त्या बदल्यात बढती मागून घेतो. नाईट ऑफ सेव्हनचं पद त्याला त्यासाठी मिळालंय हे विसरू नका. झीरोने युफेमियाला, सुझाकूच्या जिवाभावाच्या राजकन्येला, मारल्याचा राग होता, मान्य, तो राग मला शंभर टक्के समजतो. पण रागात माणूस बदला घेतो, बढती नाही मागत.

आणि तो नाईट ऑफ वनचा हिशोब नीट बघा. नाईट ऑफ वनला कुठलाही एक एरिया स्वतःच्या कारभारासाठी मागून घेता येतो, तर आपण ते पद मिळवायचं आणि जपान मागून घ्यायचा. म्हणजे जपान सुटणार तो सुझाकूच्या हातात येऊन, बादशहाची मेहेरबानी म्हणून, आणि तोवर त्याच बादशहाच्या फौजेतून दुसऱ्यांच्या देशांवर चालून जायचं! जे आपल्या देशाचं झालं तेच आणखी कुणाचं तरी होणार, त्यात आपला हात असणार, आणि हे सगळं कशासाठी तर एका खुर्चीसाठी. मला तिथे तो बापाचा मुलगा दिसतो. बापालाही वाटत होतं की देशाचं काय करायचं ते मी एकटा ठरवणार, पोरालाही तेच वाटतं. पद्धत फक्त वेगळी.

त्याच्याशेजारी झीरोच्या बाजूने लढणाऱ्या काल्लेनला उभी करा. तिचा बाप ब्रिटानियाचा उमराव, तिला गप्प बसून बंगल्यात राहता आलं असतं, कुणी बोट दाखवलं नसतं. तिने आईचं जपानी आडनाव घेतलं आणि लढली. म्हणजे वाट होती, सुझाकूने ती घेतली नाही.

दुसऱ्या सीझनच्या सतराव्या भागात कुरुरुगी मंदिरात लेलूश एकटा येतो, माझ्या बहिणीला, नन्नलीला वाचव म्हणून जमिनीला डोकं टेकतो, आणि सुझाकू त्याच्या डोक्यावर पाय ठेवतो. त्यांची लहानपणीची मैत्री ज्या जागेवर झाली त्याच जागेवर. आणि पुढच्याच भागात टोकियोवर तो फ्लेया नावाचा महाविध्वंसक बॉम्ब सोडला जातो. जगायच्या हुकमामुळे बोट दाबलं गेलं हे खरं, पण ते अस्त्र घेऊन रणात गेला कोण? गियास नव्हता त्याच्यामागे तेव्हा.

वेशीवरचा

मी इथे फारसं लिहीत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे वडील दहा वर्षं गावचे सरपंच होते. पंतप्रधान कुठे आणि सरपंच कुठे, पण घरातलं वातावरण कसं असतं ते मला माहितीये. सकाळी उठायच्या आधी ओसरीवर चपलांचा ढीग, चहाचं पातेलं सारखं गॅसवर, आणि आपल्याला नावाने कुणी ओळखत नाही, सगळ्यांच्या तोंडी सरपंचाचा पोरगा. बाप सगळ्यांचा असतो, आणि तुम्हाला तो दिसतो दाराच्या फटीतून, बोलताना.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. गावच्या गायरानावर दहा-बारा झोपड्या होत्या, त्यातल्या एकात माझा मित्र राहायचा. एका रात्री मी आतून ऐकलं की ती जागा कुणाला तरी द्यायची आहे आणि सकाळी वडील ना-हरकत दाखल्यावर सही-शिक्का करणार आहेत. मला सही थांबवता येणार नव्हती. मी रात्री उठून कपाटातला शिक्का घेतला आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला. अजून मला ते हाताला लागलेले गार तांदूळ आठवतात. मला खरंच वाटलं होतं की शिक्का नाही तर कागद नाही, कागद नाही तर झोपड्या राहणार.

चार दिवसांत नवीन शिक्का बनून आला आणि झोपड्या उठल्या. महिन्याभराने आईला तांदूळ काढताना जुना सापडला. वडिलांनी तो धुऊन कपाटात ठेवला, मला एका शब्दाने विचारलं नाही. आज वडील नाहीत. ते विचारायचं राहूनच गेलं.

सोळावा भाग बघताना माझ्या डोळ्यापुढे तो डबा आला. लहान पोराला एवढंच दिसतं, की जे काही वाईट होतंय ते माझ्या बापाच्या हातून होतंय, तो हात थांबला की सगळं थांबेल. त्याच्यामागे किती लोक, किती पैसा, किती वर्षांची गणितं आहेत ते त्याला कुठून कळणार. माझं फसलं म्हणून मी सुटलो. सुझाकूचं खरं झालं.

खडूफळा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, सतरा वर्षांच्या सुझाकूला जबाबदार धरायलाच पाहिजे. पण ती जी त्याची धडपड आहे ना, रीतसर पायऱ्या चढत जायचं, अर्ज करायचा, वाट बघायची, वरच्याने दिलं तरच घ्यायचं, ती मला खुर्चीची हाव वाटत नाही. एकदा त्याने सगळ्या पायऱ्या सोडून एका रात्रीत देशाचा निर्णय करून टाकला होता. त्यानंतर त्याला स्वतःच्या हाताची भीती बसली असं मला वाटतं.

निळी_शाई

वरचा प्रतिसाद वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. शिक्का धुऊन परत ठेवला, हे काही डोक्यातून जाणार नाही आता.

मला फक्त सहाव्या भागातलं सांगायचंय. सुझाकू शाळेत येतो, इलेव्हन म्हणून पोरं त्याच्या खेळाच्या कपड्यांवर घाण लिहून ठेवतात, आणि हा कुणाकडे तक्रार न करता बाहेरच्या नळावर ते कपडे घासत बसतो. वर्गात लेलूशला बघून हा नुसती कॉलर ओढतो. लहानपणी दोघांची खूण होती ती, की माळ्यावर ये, बोलायचंय. सात वर्षं गेलीत, मध्ये एक अख्खं युद्ध झालंय, एक राजपुत्र लपून राहतोय आणि एक पंतप्रधानाचा मुलगा शत्रूच्या गणवेशात आहे, आणि ती खूण अजून चालते. गोरो तानिगुचीच्या टीमने २००६ मध्ये हे केलं, लढाया आणि यंत्रमानव ढिगाने आहेत त्यात, पण माझ्यासाठी कॉलर ओढणं हीच कोड गियास.

आणि ताकाहिरो साकुराईचा आवाज! जपानीतच बघा, सुझाकू किती हळू बोलतो ते डबिंगमध्ये हातचं जातं.

पावसाळी_ढग

सगळ्यांचे मनापासून आभार. वेशीवरचा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

खडूफळा यांचा राग मला मोडून काढता येत नाहीये, टोकियोचं तर नाहीच. पण तुमचं सगळ्यांचं वाचल्यावर शेवट मला वेगळा दिसायला लागलाय. झीरो रेक्विएम या लेलूशच्या शेवटच्या बेतात सुझाकू मेला असं जगाला सांगितलं जातं, त्याच्या नावाची कबर बांधली जाते. मग तो झीरोचा मुखवटा घालून लेलूशला मारतो, लेलूशने स्वतः आखल्याप्रमाणे, आणि लेलूश मरता मरता त्याला सांगतो की आता तू सुझाकू कुरुरुगी म्हणून जगायचं नाहीस, स्वतःचं सुख सगळं जगासाठी सोडायचं. मुखवट्याच्या आत तो रडत असतो. म्हणजे बापाला मारलं तेव्हा बापाचं नाव मोठं झालं आणि हा गप्प राहिला, मित्राला मारलं तेव्हा झीरोचं नाव मोठं झालं आणि हा परत गप्पच. दोन्ही वेळा युद्ध थांबलं. एवढं जुळवून लिहिलंय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, पहिल्यांदा बघताना मी लेलूशसाठी रडत होते.

आणि पहिल्याच भागात, निशस्त्र माणसाला मारणार नाही म्हणून सुझाकू हुकूम नाकारतो, अधिकारी त्याच्यावर गोळी झाडतो आणि खिशातल्या घड्याळामुळे तो वाचतो, तेही आता परत बघायचंय.

आज रात्री सोळावा भाग लावतेय. नवऱ्याला सांगून ठेवलंय, या वेळी येता-जाता नाही, पहिल्यापासून शेजारी बसायचं.