इम्युनोग्लोब्युलिन डोमेनचे अलाइनमेंट: रचनेतील कोणत्या खुणा प्रमाण मानाव्यात?

प्रश्न

नमस्कार. इम्युनोग्लोब्युलिन घडणीच्या काही डोमेनचे (प्रथिनातील स्वतंत्रपणे घडी पडणाऱ्या भागांचे) एकत्रित अलाइनमेंट, म्हणजे समान जागेवरील अमिनो आम्ले एकाच रकान्यात येतील अशी मांडणी, मी तयार करत आहे. त्यांत अँटिबॉडीचे व्ही (बदलते) आणि सी (स्थिर) हे दोन्ही प्रकार आहेत, शिवाय पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचे काही डोमेनही आहेत. बऱ्याच जोड्यांमध्ये सिक्वेन्सचे (अमिनो आम्लांच्या क्रमाचे) साम्य २० टक्क्यांहून कमी असल्याने केवळ सिक्वेन्सवर चालणारी साधने ऐन बीटा स्ट्रँडच्या (साखळीच्या ताणलेल्या पट्टीच्या) मध्यावर गॅप (रिकामी जागा) टाकतात, आणि ते पटण्यासारखे नाही. बहुतेकांच्या त्रिमितीय रचना हाताशी आहेत. तेव्हा कोणत्या खुणांवर भिस्त ठेवावी, आणि टीएम-अलाइन या रचना जुळवणाऱ्या साधनाने दिलेल्या जोड्या जशाच्या तशा स्वीकाराव्यात का?

उत्तर १

आधी गाभा आणि लूप (स्ट्रँड जोडणारे वळणदार भाग) वेगळे करावेत. चोथिया आणि लेस्क यांनी १९८६ मध्येच दाखवून दिले होते की, सिक्वेन्स जसजसे दुरावतात तसतसा दोन प्रथिनांचा सामाईक गाभाही आक्रसत जातो; त्यामुळे प्रत्येक अमिनो आम्लाला जोडीदार मिळालाच पाहिजे हा आग्रह सोडावा लागतो. आपल्या डोमेनमध्ये (स्ट्रँडना क्रमाने ए, बी, सी अशी नावे आहेत) बी आणि एफ स्ट्रँडमधील दोन सिस्टीन, त्यांच्यातील डायसल्फाइड बंध आणि त्यावर टेकलेले सी स्ट्रँडमधील ट्रिप्टोफॅन या तीन खुणा सर्वांत भरवशाच्या आहेत. त्या एका रकान्यात आल्या नाहीत, तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही.

या दोन सिस्टीनमधील अंतर व्ही डोमेनमध्ये साधारण ६५ ते ७५ अमिनो आम्लांचे असते, सी डोमेनमध्ये ५५ ते ६०. हा फरक मुख्यत्वे व्ही डोमेनमधील सी-प्राइम आणि सी-डबल-प्राइम या जादा स्ट्रँडमुळे पडतो. म्हणून मोठा गॅप तिथेच, सी आणि डी स्ट्रँडच्या दरम्यान, एकत्र पडला पाहिजे. तो चार ठिकाणी विखुरला असेल तर अलाइनमेंट चुकले आहे असे खुशाल समजावे.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे, परंतु टीएम-अलाइनच्या जोड्या डोळे मिटून घेऊ नयेत. हे साधन संपूर्ण रचना ताठ धरून एकमेकींवर बसवते. दोन बीटा शीटमधील (शेजारी स्ट्रँड जुळून झालेल्या पत्र्यांमधील) कोन दोन डोमेनमध्ये थोडा निराळा असला, तर मधले स्ट्रँड नीट बसतात आणि कडेचे सरकतात. स्ट्रँडमध्ये लागोपाठच्या अल्फा कार्बनमधील अंतर सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम असते. म्हणजे जेमतेम २ अँगस्ट्रॉम सरकले तरी शेजारचे अमिनो आम्ल अधिक जवळचे ठरू शकते.

अशी एका घराची चूक ओळखता येते, कारण स्ट्रँडमधील बाजूसाखळ्या आळीपाळीने गाभ्याकडे आणि बाहेर वळलेल्या असतात. गाभ्यातील ल्युसिनसमोर पाण्याकडे तोंड केलेले लायसिन आले, तर जोडी तिथेच संशयास्पद ठरते. दोन घरांची चूक मात्र या कसोटीला दाद देत नाही. तिच्यासाठी शेजारच्या स्ट्रँडशी असलेले हायड्रोजन बंध डीएसएसपी या आज्ञावलीने काढून ताडून पाहावे लागतात. डाली हे रचना जुळवणारे दुसरे साधन रचनेच्या अंतर्गत अंतरांची तुलना करते, त्यामुळे कोनातील बदल त्याला बरेच सोसतात. दोन्ही साधनांचे निकाल जिथे वेगळे पडतात, नेमके तेवढेच भाग हाताने तपासावेत.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आपण दोघांनी सांगितलेल्या कसोट्या लावून पाहतो. मात्र सीडी२ या पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या पहिल्या डोमेनमध्ये तो डायसल्फाइड बंधच नाही. तिथे काय करावे?

उत्तर २

तिथे सी स्ट्रँडमधील ट्रिप्टोफॅन शाबूत आहे, त्यापासून सुरुवात करावी. सिस्टीनच्या जागी आलेली अमिनो आम्ले गाभ्यातच असतात. बी आणि एफ स्ट्रँडमध्ये समोरासमोर पडणारी जोडी, प्रत्येकाच्या शेजारच्या स्ट्रँडशी असलेल्या हायड्रोजन बंधांच्या आधारे शोधली की रकाना आपोआप ठरतो. अक्षर जुळत नाही म्हणून तिथे गॅप टाकू नये, कारण अक्षर बदलले असले तरी जागा तीच आहे.

उत्तर ३

एक छोटी पुरवणी. ज्या डोमेनसाठी आपण अल्फाफोल्ड या आज्ञावलीने केलेले रचनेचे भाकीत वापरणार असाल, तिथे पीएलडीडीटी (भाकिताच्या विश्वासार्हतेचा १०० पैकी गुण) ७० च्या खाली असलेले लूप जोड्या ठरवताना वगळावेत. आणि प्रयोगाने मिळालेल्या रचनांमध्येसुद्धा लांबी व आकार न जुळणारे लूप लहान लिपीतील इंग्रजी अक्षरांत (लोअरकेस), न जुळवता ठेवणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.