मदत हवी आहे: निकाल लागून सहा वर्षे झाली, तरी चारित्र्य पडताळणीत खटला 'न्यायप्रविष्ट' दिसतो

नमस्कार.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरांत काम करणाऱ्या एका लहान संस्थेची सचिव आहे. आमच्या दोन अभ्यासिका आणि एक पाळणाघर आहे. शिक्षिका, मावशी, शिपाई मिळून चौदा जण पगारावर आहेत. पोक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) नियम 2020 मधल्या तिसऱ्या नियमानुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कायम आणि कंत्राटी, शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या सर्वच कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे बंधनकारक आहे. हा ठरावीक काळ म्हणजे किती, हे नियमात लिहिलेले नाही. खरे सांगायचे तर आम्ही माणूस कामावर घेताना एकदा दाखला घेऊन फाइलला लावत होतो आणि विषय तिथेच संपत होता. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरचे प्रकरण झाले, पाठोपाठ शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला, आणि आमची शाळा नसली तरी विश्वस्तांनी सर्वांची पडताळणी नव्याने करून घ्यायचे ठरवले.

तेरा दाखल्यांत प्रतिकूल नोंद नव्हती. चौदावा आमच्या शिपायाचा. त्यात 2015 चा गुन्हा रजिस्टर क्रमांक, पोक्सोची कलमे 8 आणि 12 (लैंगिक हल्ला आणि लैंगिक छळ), आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता: 'न्यायप्रविष्ट'.

हा माणूस आमच्याकडे 2018 पासून आहे. त्याला बोलावून विचारले तेव्हा तो काही न बोलता घरी गेला आणि तासाभराने लॅमिनेट केलेली एक झेरॉक्स घेऊन आला. निकालपत्राचे ते फक्त शेवटचे पान होते. त्यावर आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत असल्याचा आदेश, न्यायाधीशांची सही आणि 2019 ची तारीख होती. मुक्तता का झाली, हे सांगणारी आधीची पाने त्याच्याकडे नाहीत; वकिलांनी एवढेच दिले, असे तो म्हणतो.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. 2018 मध्ये, म्हणजे खटला प्रत्यक्षात चालू असताना, याच माणसाचा दाखला स्वच्छ आला होता, आणि आज खटला निकाली निघाल्यावर तो चालू असल्याचे दिसते आहे. पहिल्याचे कारण आता कळले. गुन्हा घडल्याचे सांगतात तेव्हा तो मुंबईबाहेर, वेगळ्या जिल्ह्यात राहत होता, आणि आमच्या अर्जात मागील पत्त्यांचा रकानाच नसल्यामुळे चौकशी फक्त मुंबईतल्या पत्त्यावर झाली. ती चूक आमची. यंदा जुना पत्ता भरला, म्हणून नोंद निघाली. दुसऱ्याचे कारण मात्र मला समजलेले नाही.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची केंद्रीय गृह मंत्रालयाने 20 सप्टेंबर 2018 रोजी सुरू केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो, आणि सुरुवातीलाच तिच्यात चार लाख चाळीस हजारांवर नोंदी असल्याचे जाहीर झाले होते. ती पाहण्याचा अधिकार फक्त तपास यंत्रणांना आहे, आणि तो तसाच असावा असे माझेही मत आहे. गल्लीगल्लीत याद्या फिरू लागल्या तर पीडित मुलाची ओळखही झाकून राहणार नाही. पण त्यामुळे आमच्यासारख्यांच्या हाती उरतो तो पोलिसांचा दाखला, आणि त्या दाखल्यात कोणी काय भरले आणि काय भरायचे राहिले, यावर एका बाजूला माणसाची भाकरी आणि दुसऱ्या बाजूला मुलांची सुरक्षितता अवलंबून असते.

तूर्त त्याला मुलांच्या जागेपासून दूर, कार्यालयात हिशेबाच्या आणि टपालाच्या कामावर ठेवले आहे. पगार कापलेला नाही. जाणकारांनी कृपया सांगावे: ही नोंद दुरुस्त करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? अर्ज संस्थेने करावा की त्यानेच? आणि दुरुस्त दाखला येईपर्यंत आम्ही कशावर विसंबावे?

प्रतिसाद 1

एवढा विचार कशाला करता? पाळणाघर आहे तुमचे. हिशेब चुकता करून मोकळे व्हा. उद्या काही झाले तर निकालपत्राचे शेवटचे पान कोणी वाचणार नाही.

प्रतिसाद 2

ताई, मी जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. असे अर्ज घेऊन येणारी माणसे वर्षानुवर्षे पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

गुन्ह्याच्या नोंदीचे टप्पे ठरलेले असतात. प्रत्येक टप्प्याचा एक नमुना (फॉर्म) असतो. पहिला नमुना प्रथम खबरीचा (एफआयआरचा), तिसरा अटकेचा, पाचवा दोषारोपपत्राचा किंवा अंतिम अहवालाचा, सहावा न्यायालयाच्या निकालाचा आणि सातवा अपिलाच्या निकालाचा. पहिले पाच भरले जातात, कारण त्यांच्याशिवाय तपास पुढे सरकत नाही. सहावा भरला नाही तर कोणाचेच काम अडत नाही. न्यायालयात निकाल लागला की पैरवीला (खटल्याच्या पाठपुराव्याला) बसणाऱ्या पोलीस अंमलदाराने तो पोलीस ठाण्यात कळवायचा आणि तिथे तो संगणकावर चढवायचा, अशी साखळी आहे. मधल्या काळात अंमलदाराची बदली झाली की कागद तिथेच राहतो. तुमच्या शिपायाच्या बाबतीत सहावा नमुना कोरा राहिला असावा.

अर्ज त्यानेच करावा. आधी ज्या विशेष न्यायालयात खटला चालला, तिथल्या नक्कल विभागातून संपूर्ण निकालपत्राची प्रमाणित प्रत काढावी. लॅमिनेट केलेल्या पानाला पोलीस ठाण्यात कोणी विचारणार नाही. ती प्रत जोडून, जिथे गुन्हा दाखल झाला त्या ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्यावा, आवक क्रमांक घ्यावा आणि एक प्रत वरच्या कार्यालयालाही पाठवावी. अर्जात 'नाव काढून टाका' असे लिहू नये. मुक्तता झाली म्हणून प्रथम खबर नाहीशी होत नाही, आणि तशी मागणी केली की अर्ज तिथेच फेटाळला जातो. 'निकालाची नोंद घेण्यात यावी' एवढेच मागावे. सरकारने अपील केले होते का, हेही उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, नाहीतर सातव्या नमुन्यावर पुन्हा गाडी अडेल.

माहितीच्या अधिकारात तुम्ही अर्ज केलात तर परक्याची खाजगी माहिती म्हणून नकार येण्याचीच शक्यता जास्त. त्याने स्वतःच्या अर्जाचे काय झाले असे विचारले तर उत्तर द्यावे लागते.

आणखी एक. संपूर्ण निकालपत्र तुमच्या हाती आले की त्यात मुलाची ओळख पटेल असा मजकूर असू शकतो. फाइलला लावण्यापूर्वी तो काळ्या शाईने झाका आणि प्रत कुलपात ठेवा.

पहिल्या प्रतिसादकर्त्यांना एवढेच सांगतो की मुक्तता झालेल्या माणसाला 'न्यायप्रविष्ट' या शिळ्या शब्दावरून काढले, तर उद्या हाच प्रश्न तुम्हाला कामगार न्यायालयात विचारला जाईल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याची बालअत्याचाराची सूची 1965 पासून आहे. तिथे एका दांपत्याला न्यायालयाने निर्दोष ठरवूनही त्यांची नावे सूचीत राहिली आणि ती काढण्याची काही सोयच नव्हती. 2009 मध्ये अपील न्यायालयाने ही व्यवस्था घटनेला धरून नाही असे ठरवले. 2012 पासून तिथे शाबीत ठरलेलीच प्रकरणे सूचीत घेतात. आपल्याकडे दाद मागायची वाट निदान कागदावर तरी आहे, ती चालून पाहा.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सर्व केले. प्रमाणित प्रत मिळायला एकोणीस दिवस लागले. पाने सव्वीस आहेत. काल रात्री ती मी दोनदा वाचली. अपील झालेले नाही. पोलीस ठाण्यात अर्जाचा आवक क्रमांक मिळाला, आणि तिथल्या ठाणे अंमलदारांनी संगणकावर पाहून निकालाचा रकाना रिकामा असल्याचे तोंडी मान्य केले.

मात्र निकालपत्र वाचून माझा प्रश्न सुटलेला नाही. मुलीच्या आईने न्यायालयात फिर्यादीला पाठिंबा दिला नाही, सरकार पक्षाने तिला फितूर जाहीर केले, आणि संशयाचा फायदा देऊन मुक्तता झाली. आमचा शिपाई म्हणतो, भांडण भाड्याच्या खोलीवरून होते आणि तक्रारच खोटी होती. तसे असेलही. आई कोणाच्या दबावाखाली फिरली असेल, हेही नाकारता येत नाही, आणि सव्वीस पानांत या दोहोंपैकी कशाचाच निवाडा नाही. पडताळणीचा कागद दुरुस्त होऊन आला की त्यावर 'निर्दोष' असे असेल. तो खरा असेल, आणि त्याला तो मिळालाच पाहिजे. पण पाळणाघराची किल्ली त्याच्या हाती पुन्हा द्यायची की नाही, हे त्या कागदावरून ठरणार नाही.

येत्या शनिवारी विश्वस्तांची सभा आहे. कार्यालयातले काम त्याला त्याच पगारावर कायमचे द्यावे, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. कोणत्या कामासाठी कोणती नोंद आड यावी आणि कोणती येऊ नये, याचे लेखी धोरण कोणत्या संस्थेने केले असेल, तर त्यातला मजकूर सभेच्या आधी इथे द्यावा ही विनंती.