रेंजफाइंडर आणि तीन लेन्ससाठी बॅग सुचवा (मदत हवी आहे)

निवांत_फ्रेम:

नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच आहे पण बॅगा बघून बघून डोकं पार भंजाळलंय म्हणून शेवटी इथे विचारतेय.

आधी सामान सांगते. लायका एम-६, जुना फिल्मवाला रेंजफाइंडर (लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघायचं आणि मधल्या पॅचमध्ये दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा, असा कॅमेरा), त्यावर बहुतेक वेळा ५० मिमीची समिक्रॉन लेन्स लावलेली असते. सोबत ३५ चा समिक्रॉन आणि ९० चा एल्मारिट एफ २.८. कधी लहर आली की झोर्की-४ (जुना सोव्हिएत रेंजफाइंडर) पण घेते, त्यावर ज्युपिटर-१२ लेन्स. म्हणजे रोजचं म्हणाल तर एक बॉडी तीन लेन्स, क्वचित दोन बॉडी चार लेन्स. वर चार-पाच रोल, हातातला लाइट मीटर (झोर्कीला मीटर नाहीच), ब्लोअर आणि एक फडकं. लॅपटॉप, टॅबलेट, ट्रायपॉड यातलं काहीही बॅगेत जाणार नाहीये त्यामुळे कृपया बॅकपॅक सुचवू नका.

अडचण अशी की बाजारातली जवळपास प्रत्येक कॅमेरा बॅग एसएलआर (आत आरसा असलेले मोठे कॅमेरे) डोळ्यासमोर ठेवून केलेली असते. कप्पे रुंद आणि खोल. ३५ चा समिक्रॉन जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा, तो त्या कप्प्यात टाकला की तळाला जाऊन बसतो आणि मग रस्त्यात उभं राहून बोटांनी चाचपत बसायचं, हाताला आधी लागतं ते फडकं, मग ब्लोअर, मग लेन्स, आणि ती पण उलटी. खाली फोमचा तुकडा ठेवून उंची वाढवली तर चालताना तुकडाच आडवा होतो. बरं लहान बॅग घ्यावी तर कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यासाठीच्या पाऊचमध्ये बॉडी जाते पण लेन्स लावलेली असली की चेन लागत नाही.

मापं काढून ठेवलीयत. बॉडी १३८ मिमी लांब, ७७ उंच, ३३.५ जाड. ५० लावला की जाडी पण ७७ च्या आसपास जाते, टोपण वगैरे धरून साडेआठ सेंटीमीटर समजा. वजन बॉडी आणि तिन्ही लेन्स मिळून दीड किलोच्या आत बसतं (९० एकटाच ४०० ग्रॅमचा आहे, बाकी दोघं अडीचशेच्या घरात). आता एवढ्या सामानाला जाड फोमची आणि चामड्याच्या पट्ट्यांची बॅग घ्यायची, जी रिकामीच किलोभर भरते, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तरी यादी आवरत आवरत इथवर आलेय: बिलिंगहॅम हॅडली स्मॉल, डॉम्के एफ-८०३, थिंक टँक रेट्रोस्पेक्टिव्ह ५, नाहीतर पीक डिझाइनची छोटी स्लिंग. आणि एक पर्याय असाही डोक्यात आहे की साधी कॅनव्हासची शोल्डर बॅग घ्यावी आणि आत पॅडेड इन्सर्ट (कप्पे असलेला सुटा मऊ खोका) टाकावा, दिसायलाही कॅमेरा बॅग वाटत नाही.

आता खरे प्रश्न. पॅडिंग नक्की किती लागतं? रेंजफाइंडरला धक्का बसला की अलाइनमेंट (त्या दोन प्रतिमांचं जुळणं) जातं असं सगळे म्हणतात, पण मग जुने लोक कॅनव्हासच्या पिशवीत टाकून कसे हिंडायचे? दुसरं म्हणजे कॅमेरा आत कसा ठेवता? पाठीवर, लेन्स खाली करून, का उभा? आणि उभ्या उभ्या लेन्स बदलायची तर एका हातात बॉडी, दुसऱ्यात काढलेली लेन्स, तिसरा हात मला नाही, तेव्हा कप्प्यांची रचना कशी असावी? जे रोज रेंजफाइंडर घेऊन फिरतात त्यांनी सांगा, यूट्यूबवरच्या सुंदर सुंदर बॅगा बघून झाल्यायत.

भटका_फिरतो:

डॉम्के घ्या आणि मोकळ्या व्हा.

जरा विस्ताराने सांगतो. जिम डॉम्के हा फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, त्याने १९७० च्या दशकात एफ-२ बॅग केली ती स्वतःला आणि बरोबरच्या लोकांना कामावर वापरायला. त्या काळच्या कडक पेटीसारख्या बॅगा दिवसभर अंगावर वागवणं म्हणजे शिक्षा. त्यामुळे त्याने कॅनव्हास ठेवला, पॅडिंग कमीत कमी, म्हणजे बॅग अंगाला चिकटून राहते, मध्ये ढोल वाजत नाही. पट्ट्यात रबराचे धागे विणलेत त्यामुळे खांद्यावरून घसरत नाही, ही गोष्ट वापरल्याशिवाय कळत नाही. एफ-८०३ चपटी आहे, तुमचं एक बॉडी तीन लेन्स आरामात जाईल. झोर्की घेतलीत की फुगेल पण चालतंय.

एक मात्र आहे, मऊ बॅगेत वस्तू एकमेकींवर घासतात. त्यामुळे प्रत्येक लेन्स कापडी पाऊचमध्ये हवीच.

काळंपांढरं:

वरच्यांशी अर्धा सहमत. पॅडिंग कमी चालतं, पण तळाला कमी चालत नाही.

लोक बाजूच्या भिंतींचं पॅडिंग दाबून बघतात आणि खूश होतात. बाजूने तसा धक्का बसतोच कुठे, गर्दीत जरा चेपली जाते इतकंच. जोरात धक्का बसतो तो बॅग फरशीवर किंवा दगडावर टेकवताना. खांद्यावरून उतरवली, शेवटचे दोन इंच हातातून सुटली, ठक. दिवसातून किती वेळा होतं ते मोजू पण नका. रेंजफाइंडरच्या आत लेन्सच्या मागच्या कडेला (कॅमला) टेकणारा रोलर, त्याचा दांडा आणि त्याला जोडलेलं फिरतं भिंग एवढी नाजूक साखळी असते, ती तिथे हलते. म्हणून डॉम्के घ्या नाहीतर झोळी घ्या, तळाला एक-दीड सेंटीमीटरचा घट्ट फोम कापून घाला. घट्ट म्हणतोय, उशीतला नव्हे, मऊ फोम वजनाने दबून कागद होतो.

अलाइनमेंट तपासायचं तर लांबची आडवी रेघ बघा, गच्चीचा कठडा, विजेची तार असं काहीतरी. मधल्या पॅचमधली प्रतिमा वर-खाली सरकलेली दिसली तर उभं अलाइनमेंट गेलं. एम-६ ला त्याचा स्क्रू पुढच्या लाल ठिपक्याच्या मागे असतो, पण तो ज्याचं काम त्यानेच फिरवावा. आणि अनंतावर (सगळ्यात लांबच्या फोकसवर) लेन्स ठेवून लांबची उभी कड जुळत नसेल तर प्रकरण वेगळं, ते रोलरकडे.

दुचाकीवर असाल तर बॅग टाकीवर किंवा फूटबोर्डवर ठेवू नका. सतत थरथरीने स्क्रू सैल होतात. अंगावर घ्या, शरीर सगळं शोषून घेतं.

निवांत_फ्रेम:

@काळंपांढरं तळाचं अगदी पटलं, माझ्या आत्ताच्या बॅगेत भिंतींना दोन बोटं फोम आहे आणि तळाला नुसतं अस्तर 😐

कॅमेरा कसा ठेवायचा ते कोणीच बोललं नाही?

अंधारखोली:

मी बोलतो. लेन्स वर करून कधीही नाही, बाकी कसाही ठेवा.

रेंजफाइंडरला आत आरसा नसतो. लेन्समधून आलेला उजेड सरळ शटरच्या पडद्यावर पडतो आणि एम-६ चा काय, झोर्कीचा काय, पडदा रबर लावलेल्या कापडाचा. भर दुपारी झाकण उघडी बॅग, आत कॅमेरा पाठीवर, लेन्स आकाशाकडे, टोपण खिशात. भिंगाने कागद जाळायचा लहानपणीचा उद्योग झाला तो. पडद्याला टाचणीएवढं भोक पडतं आणि मग प्रत्येक फ्रेमवर उजेडाचा ठिपका. कॅनन पी सारख्या कॅमेऱ्यात स्टीलचा पडदा असतो, तो जळत नाही, पण त्याला बोट लागलं की सुरकुत्या पडतात, म्हणजे तिथेही सुख नाहीच. टोपण लावत नसाल तर निदान बॅगेत टाकताना अ‍ॅपर्चर १६ वर आणि फोकस जवळच्या अंतरावर आणून ठेवा, सूर्याचा ठिपका पडद्यावर नीट जुळत नाही. (टोपण लावून ठेवणाऱ्यांचं दुःख वेगळं, व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघतच नाही त्यामुळे टोपणासकट अख्खा रोल मारला तरी कळत नाही.)

दुसरं, बॅगेत टाकताना फिल्म पुढे नेऊन शटर चढवणारा लिव्हर ओढलेला ठेवू नका. शटर चढवलेलं असलं तर बटणावर काहीतरी दाबलं जातं आणि एक फ्रेम बॅगेच्या अस्तराची निघते. जुन्या एम-६ चा मीटर पण शटर चढवलेलं असेल तरच चालतो, म्हणजे लिव्हर न ओढता ठेवला की बॅटरी पण वाचते. पूर्ण बंद करायचा तर डायल बी वर.

तुमच्या ज्युपिटर-१२ चं मागचं भिंग बाहेर आलेलं असतं, साधं चपटं टोपण त्याला बसत नाही, खोलवालं लागतं. ते नसेल तर ती लेन्स झोर्कीवरच राहू द्या, बॅगेत सुटी टाकू नका.

उभाआडवा:

कॅमेरा उभा ठेवा हो! कोणी करून बघत नाही.

हिशोब करा ना. आडवा ठेवलात, लेन्स खाली करा नाहीतर बाजूला, तळाची १४ बाय ८ जागा गेली. तोच रिवाइंडची बाजू खाली करून उभा केला तर ८ बाय ८ मध्ये बसतो आणि उंची १४ लागते, जी बॅगेत तशीही असतेच. उरलेल्या जागेत सहा-सहा सेंटीमीटरचे दोन कप्पे. आतून २१-२२ लांब, ९-१० रुंद, १६-१७ उंच एवढी जागा एका बॉडीला आणि तीन लेन्सना पुरते. वर लिव्हरची बाजू येते, हात घातला की कॅमेरा बरोबर मुठीत येऊन बाहेर येतो, वळवावा पण लागत नाही.

खोल कप्प्यात लेन्स बुडते म्हणालात ना, त्याला दुहेरी मागचं टोपण मिळतं, दोन लेन्स पाठीला पाठ लावून एकमेकींना अडकवायच्या. ३५ वर, दुसरी खाली, एकच लांब नळकांडं होतं, कप्पा भरतो आणि काही बुडत नाही.

लेन्स बदलताना एक कप्पा कायम रिकामा हवा, तोच तुमचा तिसरा हात. काढलेली लेन्स आधी त्यात, मग नवी घ्यायची. सगळे कप्पे भरलेली बॅग म्हणजे बदलताना तारांबळ ठरलेली.

निवांत_फ्रेम:

@उभाआडवा तुमचं वाचून पुठ्ठ्याचा खोका कापला आतल्या मापाचा, २२ बाय १०, आणि सामान भरून बघितलं. चक्क बसतंय! ५० लावलेला कॅमेरा उभा एका टोकाला, ९० मधे एकटा आणि तिसरा कप्पा रिकामा ठेवून ३५ वरच्या खिशात. दोन गोष्टी मात्र लक्षात आल्या. गळ्यातला लांब पट्टा उभ्या कॅमेऱ्याभोवती गुंडाळला जातो आणि कॅमेरा काढताना ९० ला घेऊनच वर येतो. आणि पट्ट्याच्या कडीचं लोखंड शेजारच्या लेन्सवर घासतंय, ९० च्या काळ्या रंगावर बारीक चमक आली.

हॅडली स्मॉल कोणी वापरतं का? तिचा इन्सर्ट सुटा निघतो म्हणे.

काळंपांढरं:

निघतो, आणि तोच तिचा फायदा, इन्सर्ट काढला की साधी बॅग. बिलिंगहॅम १९७३ पासूनची, सुरुवात मासेमारीच्या बॅगांनी झाली, कॅमेरावाले नंतर आले. कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर असतो त्यामुळे पाऊस आत येत नाही, पण त्यामुळेच ती डॉम्केसारखी अंगाला चिकटत नाही, जरा ताठ राहते. झाकण पितळी गोळ्यांवर चामड्याची पट्टी अडकवून बंद होतं. सवय झाली की एका हाताने उघडते आणि आवाज नाही. आवाजाचा मुद्दा हलका घेऊ नका, इतक्या शांत शटरचा कॅमेरा घ्यायचा आणि बॅग उघडताना वेल्क्रोचा चर्रर्र, सगळे वळून बघतात. रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये वेल्क्रो झाकून टाकायची सोय आहे, तो एक चांगला विचार केलाय त्यांनी.

फक्त हॅडली स्मॉलमध्ये झोर्की पण कोंबू नका. दुसरी बॉडी न्यायचीच तर ती गळ्यात, बॅगेत नाही.

अंधारखोली:

पट्ट्याचं सोपं आहे, बॅगेतून वापरायचा कॅमेरा मनगटाच्या पट्ट्यावर आणा. कड्यांच्या खाली चामड्याच्या छोट्या चकत्या मिळतात त्या घाला, बॉडी पण वाचेल आणि शेजारची लेन्स पण. आणि ९० चं तोंड कॅमेऱ्याकडे नको, मधे दुभाजक उंच घ्या, कॅमेऱ्याच्या उंचीचा. बहुतेक इन्सर्टमध्ये दुभाजक बुटके असतात, अदलाबदल करता येते का ते आधी बघा.

अजून एक, बॅग कितीही आवडली तरी घरी आल्यावर सामान त्यात ठेवू नका. फोम आणि चामडं दोन्ही ओल धरतात, बंद अंधाऱ्या बॅगेत बुरशीला आणखी काय हवं. बाहेर काढा, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, बॅग उघडी टांगा.

निवांत_फ्रेम:

खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. मी सध्या असं करतेय, बॅग लगेच नाही घेत, आधी २२ बाय १० चा सुटा इन्सर्ट घेते उंच दुभाजकवाला, तळाला घट्ट फोम घालते आणि घरातल्या जुन्या कॅनव्हासच्या बॅगेत टाकून काही आठवडे वापरते. इन्सर्ट पटला तर हॅडली किंवा एफ-८०३, ज्यात तो मापाने जाईल ती. स्लिंग यादीतून काढली.

आता फक्त ज्युपिटरसाठी खोल टोपण शोधायचंय. झोर्कीच्या आट्यांना बसणारं कोणाकडे जास्तीचं असेल तर व्यनि करा.

भटका_फिरतो:

टोपण बघतो डब्यात, एक असावं. आणि इन्सर्ट डॉम्केमध्येच जाईल बघा 😄